निसर्गदृश्य छायाचित्रण : प्रारंभकाळ

डोंगर, दऱ्या, नद्या, सरोवरे, समुद्रकिनारे, अरण्ये, वाळवंटे इ. भूप्रदेशांचे विस्तृत दृश्य हाच ज्याचा मुख्य विषय असतो, असे छायाचित्रण. माणसे, जनावरे व इमारती अशा चित्रांत येतात. पण त्या दृश्याचा भाग म्हणून येतात, स्वतंत्र विषय म्हणून नव्हे. छायाचित्रणाच्या शोधापासून सु. १८९० पर्यंतचा काळ हा या शाखेचा प्रारंभकाळ मानता येईल. छायाचित्रकाराच्या डोळ्याला काय दिसले यापेक्षा त्याच्या काचेला काय दिसू शकत होते, यावर या काळातील चित्र अधिक अवलंबून असे. हे ध्यानात न घेता त्या काळच्या चित्रसंग्रहांकडे पाहिल्यास बरेच गैरसमज होतात. त्यांतील कोरे पांढरे आकाश, धुक्यासारखे भासणारे पाणी आणि निर्मनुष्य दऱ्या यांपैकी पहिल्या दोन गोष्टी रसायनांच्या मर्यादेतून आलेल्या आहेत. तिसरीचा उलगडा मात्र केवळ रसायनशास्त्राने होत नाही.

पूर्वपीठिका : छायाचित्रणाचा शोध लागण्यापूर्वीच निसर्गदृश्याची चौकट ठरून गेली होती. जवळ एखादे झाड किंवा खडक, मध्यभागी पाणी, दूरवर फिकट होत जाणारे डोंगर आणि नजरेला आत नेणारी वाट ही रचना सतराव्या शतकातील क्लोद लोरँ याच्या चित्रांतून रूढ झाली व अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये तिला ‘सुरम्य’ दृश्याच्या नियमांचे स्वरूप आले. दृश्य अचूक टिपण्यासाठी चित्रकार ‘कॅमेरा ऑब्स्क्यूरा’ म्हणजे अंधारपेटीचा उपयोग करीत. पेटीच्या एका बाजूच्या भिंगातून आत आलेल्या प्रकाशाने कागदावर जी प्रतिमा उमटे, ती पेन्सिलीने गिरवून घेतली जाई. टॉमस डॅन्येल व त्याचा पुतण्या विल्यम यांनी भारतातील दृश्ये रेखाटताना हे साधन वापरले होते. त्यांची ओरिएंटल सीनरी ही चित्रमालिका १७९५ ते १८०८ या काळात लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. भारतात पुढे आलेल्या इंग्रज छायाचित्रकारांच्या मनावर या चित्रांचा ठसा होता.

अंधारपेटीतील प्रतिमा हाताने न गिरवता आपोआप टिकून राहील काय, या प्रश्नातूनच छायाचित्रणाचा उगम झाला. आणि हा प्रश्न दोन ठिकाणी निसर्गदृश्यासमोरच पडला. फ्रान्समधील झोझेफ नीसेफोर न्येप्स (१७६५–१८३३) याने सँ-लू-द-व्हारेन या गावातील आपल्या घराच्या वरच्या खिडकीतून दिसणारी छपरे, एक झाड व क्षितिज ही शिसेमिश्रित कथिलाच्या पत्र्यावर डांबराच्या एका प्रकाराच्या साहाय्याने १८२६–२७ च्या सुमारास उमटविली. कॅमेऱ्याने घेतलेले व आज उपलब्ध असलेले हे सर्वांत जुने चित्र होय. सु. १६ × २० सेंमी. आकाराचा हा पत्रा दीर्घकाळ विस्मृतीत गेला होता. १९५२ मध्ये हेल्मूट गर्नशाइम या इतिहासकाराने तो शोधून काढला व आता तो अमेरिकेतील टेक्सस विद्यापीठाच्या संग्रहात आहे. चित्रात समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन पडलेले दिसते. कारण प्रतिमा उमटेपर्यंत सूर्य आकाशात फिरून गेला होता. उद्‌भासनकाल म्हणजे प्रकाश आत घेण्याचा अवधी सु. आठ तासांचा होता, असे पूर्वी मानीत. प्रत्यक्षात त्याला काही दिवस लागले असावेत, असे प्रयोगान्ती नंतर दाखविण्यात आले.

दुसरी घटना इटलीतील कोमो सरोवराच्या काठची आहे. विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट (१८००–७७) हा इंग्रज शास्त्रज्ञ १८३३ च्या ऑक्टोबरात तेथे लोलकयुक्त आरेखन-उपकरणाच्या मदतीने सरोवराचे चित्र काढीत होता. हात चांगला नसल्यामुळे त्याला ते जमेना. तेव्हा अंधारपेटीतील क्षणभंगुर प्रतिमा कागदावर स्वतःच छापली जाईल अशी काही युक्ती शोधावी, असे त्याच्या मनात आले. १८३५ मध्ये त्याने आपल्या घराच्या खिडकीची कागदी निगेटिव्ह म्हणजे व्यस्त प्रतिमा मिळविली आणि १८४१ मध्ये ‘कॅलोटाइप’ या सुधारित पद्धतीचे एकस्व घेतले. तत्पूर्वी १८३९ मध्ये फ्रान्समध्ये ल्वी दागेअर (१७८७–१८५१) याची पद्धत जाहीर झाली होती. तीत चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर अतिशय बारकाव्यांची प्रतिमा मिळे. पण प्रत्येक चित्र एकमेव असे, त्याच्या प्रती निघत नसत व डावे-उजवे उलट दिसे. तरीही या पद्धतीने काहींनी दूरवरची दृश्ये टिपली. ह्यू ली पॅटिन्सन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८४० मध्ये नायगारा धबधब्याची चित्रे घेतली, तर झोझेफ-फिलीबेर झीरो द प्रांझे याने १८४२–४५ या काळात भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशांतून आठशेहून अधिक पत्रे तयार करून आणले. टॅल्बटच्या पद्धतीत बारकावे कमी; पण एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती काढता येत. त्याने १८४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सन पिक्चर्स इन स्कॉटलंड या संग्रहात वॉल्टर स्कॉटच्या साहित्याशी निगडित असलेल्या स्थळांची २३ चित्रे होती. केवळ स्थळदृश्यांना वाहिलेल्या पहिल्या छायाचित्रसंग्रहांत त्याची गणना होते. साहित्यामुळे ज्या प्रदेशाची ओढ निर्माण झाली, तो प्रदेश छायाचित्रांतून घरबसल्या दाखवावयाचा, ही प्रथा येथूनच सुरू झाली.

ओल्या काचेची पद्धत : फ्रेडरिक स्कॉट आर्चर (१८१३–५७) या इंग्रज शिल्पकाराने १८५१ मध्ये कोलोडिऑन पद्धत प्रसिद्ध केली. तिचे एकस्व त्याने घेतले नाही आणि तो निर्धन अवस्थेत वारला. पण पुढची सु. तीस वर्षे जगातील बहुतेक छायाचित्रण त्याच्या पद्धतीनेच झाले. निसर्गदृश्यांच्या छायाचित्रकाराला ती किती जाचक होती, हे तिची कृती पाहिल्याशिवाय समजत नाही. प्रथम काच घासून पूर्ण निर्मळ करावी लागे. ईथर व अल्कोहॉल यांच्या मिश्रणात विरघळविलेल्या स्फोटक कापसाच्या चिकट द्रावात आयोडाइड व ब्रोमाइड लवणे मिसळून तो द्राव काचेवर ओतीत व काच चारी कोपऱ्यांकडे कलती करून त्याचा सारखा थर पसरवीत. थर आवळू लागताच ती काच अंधारात सिल्व्हर नायट्रेटाच्या द्रावात काही मिनिटे बुडवीत. तेथून ती प्रकाशबंद चौकटीत घालून, थर ओला असतानाच, कॅमेऱ्यात बसवावी लागे. थर वाळला की त्याची प्रकाशसंवेदनशीलता जवळजवळ नाहीशी होई. म्हणून उद्‌भासन होताच पुन्हा अंधारात जाऊन फेरस सल्फेटाने किंवा पायरोगॅलिक अम्लाने प्रतिमेचे विकासन, नंतर हायपोने किंवा विषारी पोटॅशियम सायनाइडाने स्थिरीकरण, भरपूर पाण्याने धुणे व शेवटी व्हार्निश ही सर्व कामे करावी लागत. यांतील विकासनापर्यंतचा भाग सु. पंधरा मिनिटांत उरकणे आवश्यक असे. म्हणजेच ज्या कड्यावरून दृश्य टिपावयाचे, त्या कड्यावरच अंधारखोली, रसायने, काचांच्या पेट्या आणि स्वच्छ पाणी हजर असले पाहिजे.

प्रतिमा मोठी करून छापण्याची सोय तेव्हा व्यवहारात नव्हती. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला अल्ब्युमिन कागद काचेला भिडवून तो उन्हात ठेवीत. त्यामुळे जेवढी काच तेवढेच चित्र मिळे. मोठे चित्र हवे असेल, तर काच मोठी, म्हणून कॅमेराही मोठा आणि तो वाहून नेणारी माणसे वा जनावरे अधिक, असे हे गणित होते. उष्ण प्रदेशात ईथर भराभर उडून जाई, थर अवेळी वाळे व हवेतील धूळ त्यावर चिकटे. अतिथंड जागी रसायनांची क्रिया मंदावे आणि बोटे बधिर होत. आज हे सर्व वाचताना गमतीचे वाटते; पण काच फुटली किंवा नायट्रेटाचा द्राव बिघडला म्हणजे कित्येक दिवसांची चाल वाया जाई.

या पद्धतीचा आणखी एक दोष चित्रांच्या रूपावर कायमचा उमटला आहे. कोलोडिऑनचा थर निळ्या, जांभळ्या व जंबुपार प्रकाशालाच काय तो प्रतिसाद देई. हिरव्या व तांबड्या रंगांना तो जवळजवळ आंधळा होता. त्यामुळे झाडी काळवंडलेली उमटे. तिच्यातील तपशील यावेत म्हणून उद्‌भासनकाल वाढविला, तर निळे आकाश अतिप्रकाशित होऊन पार पांढरे होई व ढग नाहीसे होत. यावर छायाचित्रकारांनी नाना उपाय केले. काहींनी निगेटिव्हवरील आकाशाचा भाग काळ्या रंगाने झाकून टाकला, काहींनी त्यावर ढग रंगविले. फ्रान्समधील ग्यूस्ताव्ह ल ग्रे (१८२०–८४) याने १८५६–५७ मध्ये घेतलेल्या समुद्रदृश्यांनी त्या काळी खळबळ उडवून दिली, कारण त्यांत लाटा व ढग दोन्ही स्पष्ट दिसत होते. त्यांपैकी कित्येक चित्रांत त्याने समुद्र एका निगेटिव्हवरून व आकाश दुसऱ्या निगेटिव्हवरून छापून क्षितिजरेषेवर दोहोंचा सांधा जुळविला आहे. एकच आकाश त्याच्या एकाहून अधिक समुद्रांवर आढळते. याला फसवणूक म्हणणे योग्य ठरणार नाही. जे डोळ्याला एकत्र दिसत होते आणि काचेला दिसत नव्हते, तेच त्याने एकत्र आणले. मात्र छायाचित्र म्हणजे निसर्गाने स्वतः केलेली नोंद, या तत्कालीन समजुतीला त्यामुळे सुरुवातीसच तडा गेला होता.

पर्वतांच्या बाबतीत बीसाँ बंधूंचे नाव महत्त्वाचे आहे. धाकटा ओग्यूस्त-रोझाली बीसाँ हा १८६१ च्या जुलैमध्ये पंचवीस हमालांसह माँ ब्लांच्या शिखरावर पोहोचला व तेथे त्याने तीन निगेटिव्ह तयार केल्या. बर्फ वितळवून मिळालेल्या पाण्याने त्या धुतल्या होत्या.

भारत : भारतात छायाचित्रणाची साधने १८४० मध्येच कलकत्त्यात विक्रीस आली. संघटित प्रयत्नांचा आरंभ मात्र मुंबईत झाला. ‘बाँबे फोटोग्राफिक सोसायटी’ ही १८५४ मध्ये स्थापन झालेली संस्था देशातील या प्रकारची पहिली होय. कलकत्ता व मद्रास येथील संस्था १८५६ मधील आहेत. डॉ. भाऊ दाजी लाड (१८२२–७४) व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे मुंबईच्या संस्थेत सहभागी होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. तेथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा व्यवसाय थाटला. विल्यम जॉन्सन व विल्यम हेंडरसन यांनी १८५६–५८ या काळात मुंबईहून काढलेल्या छायाचित्रमालिकेत पश्चिम भारतातील लोक, इमारती व स्थळे यांची मूळ छायाचित्रे चिकटविलेली असत. असे असले, तरी या पिढीतील भारतीय छायाचित्रकार प्रामुख्याने व्यक्तिचित्रांकडे वळलेले दिसतात. याचे कारण अभिरुचीत नसून अर्थव्यवहारात आहे. व्यक्तिचित्राला घरी येणारे गिऱ्हाईक होते. डोंगरदऱ्यांचे चित्र घेण्यासाठी मात्र महिनोन्‌महिने रिकामा वेळ, हमालांचा खर्च, सरकारी अधिकाऱ्यांचे साहाय्य आणि तयार चित्रांना इंग्लंडपर्यंतची बाजारपेठ लागे. या चारही गोष्टी त्या काळी इंग्रजांच्या हाती होत्या.

प्रारंभीचे बरेचसे काम लष्करी व वैद्यकीय अधिकाऱ्यांनी केले. आधी तयार करून ठेवता येणारा मेणकागद उष्ण हवेत काचेपेक्षा सोयीचा असल्याने त्यांच्यापैकी अनेकांनी कागदी निगेटिव्हच पसंत केल्या. टॉमस बिग्ज याची मुंबई सरकारने १८५५ मध्ये विजापूर, बादामी, ऐहोळे इ. स्थळांच्या छायाचित्रणासाठी नेमणूक केली; त्याच वर्षाच्या अखेरीस ते काम विल्यम हेन्री पिगू याच्याकडे गेले. अलेक्झांडर ग्रीनलॉ याने १८५६ च्या सुमारास हंपीचे अवशेष टिपले. लीनिअस ट्राइप (१८२२–१९०२) याने १८५५ मध्ये ब्रह्मदेशात दोनशेहून अधिक निगेटिव्ह केल्या व नंतर मद्रास सरकारचा छायाचित्रकार म्हणून दक्षिणेतील देवालये, खडक व नदीकाठ यांची चित्रे घेतली. कोऱ्या आकाशात तो निगेटिव्हवरच हाताने ढग रंगवी. शासनाने खर्चाचे कारण देऊन त्याचे काम बंद केले. या सर्वांचा अधिकृत विषय वास्तू हा होता. परंतु वास्तूभोवतालची भूमी त्यांनी ज्या जाणतेपणाने चौकटीत घेतली आहे, त्यामुळे निसर्गदृश्यांच्या इतिहासात त्यांचा विचार करणे भाग पडते.

महाराष्ट्रापुरते पाहता रॉबर्ट गिल (१८०४–७९) याचे काम लक्षणीय आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी १८४४ पासून तो तेथे राहिला होता. त्याच्या रंगीत प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या, हे सर्वश्रुत आहे. त्याने केलेल्या छायाचित्रणाकडे मात्र तितकेसे लक्ष गेलेले नाही. १८५० नंतरच्या दशकात त्याने द्विनेत्री कॅमेरा मिळविला. डोळ्यांतील अंतराइतक्या अंतरावर बसविलेल्या दोन भिंगांनी घेतलेली जोडचित्रे त्रिमितिदर्शकातून पाहिल्यास दृश्याला खोली येते. जेम्स फर्ग्युसन याच्या मजकुरासह ही चित्रे १८६४ मध्ये दोन ग्रंथांतून प्रसिद्ध झाली. त्यांपैकी एकात वास्तूंबरोबर पश्चिम भारताच्या ‘निसर्गेतिहासा’ची म्हणून शिकार व रानातील दृश्येही आहेत. वाघूर नदीच्या वळणावरील कडा, त्यातील लेण्यांची रांग आणि पायथ्याचे कोरडे पात्र यांना त्रिमितीमुळे जो उठाव येतो, तो त्या काळच्या सपाट चित्रांत सापडत नाही.

सह्याद्रीचे कडे कॅमेऱ्यासमोर आले ते मुख्यतः रेल्वेच्या निमित्ताने. बोरघाटातील मार्गाचे काम १८५६ मध्ये सुरू होऊन १८६३ मध्ये पूर्ण झाले. सु. २५ किमी. लांबीच्या या चढणीवर २५ बोगदे खोदावे लागले आणि १८६१ मध्ये तेथील मजुरांची संख्या चाळीस हजारांवर गेली होती. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हा १८५९ मध्ये भारतात येताच थोड्या दिवसांत वारला. त्याची पत्नी ॲलिस हिने काम पुढे चालविले. या घाटकामाच्या छायाचित्रांचा संग्रह तिच्या नावावर मोडतो. पटकी व अपघात यांनी या कामावर मोठ्या प्रमाणात माणसे मेली. घाटाच्या चित्रांतील कमानी, भराव आणि त्यांच्या पाठीमागचे कातळ पाहताना ही गोष्ट वाचकाने स्वतः आठवावी लागते. चित्रांत तिचा मागमूस नाही.

सॅम्युएल बोर्न : भारतातील निसर्गदृश्यांच्या छायाचित्रणाला स्वतंत्र दर्जा मिळाला तो सॅम्युएल बोर्न (१८३४–१९१२) याच्यामुळे. नॉटिंगहॅममधील बँकेची कारकुनी सोडून तो १८६३ च्या आरंभी कलकत्त्यास आला व सिमल्यास गेला. तेथे भागीदारीत सुरू झालेला व्यवसाय पुढे ‘बोर्न अँड शेपर्ड’ या नावाने प्रसिद्धीस आला. त्याने हिमालयात तीन मोठ्या मोहिमा केल्या. पहिली १८६३ च्या जुलैअखेर सिमल्याहून निघाली. सतलजच्या खोऱ्यातून स्पितीच्या सीमेपर्यंत जाऊन दहा आठवड्यांत त्याने १४७ निगेटिव्ह आणल्या. बरोबर सु. तीस हमाल होते. दुसरी मोहीम १८६४ मध्ये कांग्रा व चंबामार्गे काश्मीरात गेली व नऊ महिने चालली. १८६६ मधील तिसरी सर्वांत अवघड. कुलू, लाहूल, स्पिती असा प्रवास करीत त्याने मणिरंग खिंड गाठली. त्याच्या नोंदीनुसार १८,६०० फूट (सु. ५,६७० मी.) उंचीवरील त्या खिंडीत त्याने ओल्या काचा तयार करून चित्रे घेतली, एवढ्या उंचीवर पुढची वीस वर्षे कोणी छायाचित्रण केले नाही. तेथून तो गंगोत्रीकडे वळला व गोमुखाजवळच्या हिमनदीची चित्रे घेऊन परतला. या वेळी हमालांची संख्या ऐंशीपर्यंत होती.

बोर्न हा काटेकोर कारागीर होता. सु. १२ × १० इंची काचांवरील त्याच्या चित्रांत देवदारांच्या सुया आणि खडकांच्या भेगा मोजता येतील इतका रेखीवपणा आहे. पाणी, झाडी व फिकट डोंगर यांची मांडणी तो इंग्रजी सुरम्यतेच्या नियमाने करी. पण हिमालय त्या नियमात बसेना. पर्वत अतिप्रचंड, दऱ्या अतिखोल आणि तळी जवळजवळ नाहीत, अशी तक्रार त्याने लंडनच्या ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी या नियतकालिकातील लेखांतून केली आहे. काश्मीरातील सरोवरे, चिनार व पूल यांच्यापाशी तो खूष झाला, कारण तेथे त्याला आपल्या देशासारखी चौकट आयती मिळाली. त्याची खरी मोठी चित्रे मात्र, जेथे ही चौकट त्याच्या हातून सुटली, तेथली आहेत. बर्फ, दगडांचे ढीग व करड्या हिमनदीखेरीज ज्यांत काहीही नाही, अशी स्पिती व गंगोत्रीकडील दृश्ये त्याला स्वतःला फारशी आवडली नसावीत. आजच्या प्रेक्षकाला तीच खिळवून ठेवतात.

याच लेखांत त्याने आपल्या हमालांविषयी लिहिले आहे आणि हा भाग टाळून त्याच्या कामाचे मोल ठरविता येणार नाही. डोंगरी संस्थानांत प्रवासी साहेबांसाठी गावोगावचे लोक सक्तीने हमालीला धरले जात. त्यांची स्वतःची शेतीची कामे त्यामुळे खोळंबत. बर्फाच्या खिंडीत त्यांना पुरेसे कपडे नसत. ते पेट्या टाकून पळून गेले म्हणजे बोर्न त्यांना गावात शोधून काढी व काठीने मारी; हे त्याने संकोच न बाळगता नमूद केले आहे. चित्रांत हेच लोक अधूनमधून दिसतात : खडकावर बसलेली एखादी लहानशी आकृती, डोंगराची उंची कळावी म्हणून ठेवलेली. त्यांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत. प्रत्येक काचेमागे ती वाहून नेणारी पाठ होती, हे त्या चित्रांच्या निर्मितीतील मूलभूत वास्तव आहे. ‘निर्जन हिमालय’ ही कल्पना दृढ करणारी चित्रे प्रत्यक्षात ऐंशी माणसांच्या तांड्यातून घेतली गेली.

बोर्नने १८७० च्या सुमारास भारत सोडला. नॉटिंगहॅममध्ये त्याने कापडधंदा केला व फावल्या वेळात जलरंगचित्रे काढली. त्याच्यानंतर लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) यांनी या क्षेत्रात भारतीयांचे स्थान निर्माण केले. रूडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून इंदूर येथे सार्वजनिक बांधकाम खात्यात असताना त्यांनी छायाचित्रण आत्मसात केले. मध्य भारतातील वास्तूंच्या त्यांच्या चित्रांचा ग्रंथ १८८६ मध्ये निघाला. दरबारी चित्रांमुळे त्यांची कीर्ती झाली. तथापि तळी, घाट व किल्ल्यांचे उतार यांच्या त्यांच्या चित्रांत अंतर व उंची यांची अभियंत्याला शोभणारी समज आढळते.

अमेरिका : याच सुमारास अमेरिकेच्या पश्चिम भागात निसर्गदृश्यांच्या छायाचित्रणाने वेगळेच महत्त्व मिळविले. कार्लटन वॉटकिन्झ (१८२९–१९१६) याने १८६१ मध्ये योसेमिटी दरीत सु. १८ × २२ इंच काचेचा खास बनविलेला कॅमेरा खेचरांवरून नेला आणि तीस मोठ्या व सु. शंभर द्विनेत्री निगेटिव्ह केल्या. १८६२ च्या डिसेंबरात ही चित्रे न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शित झाली. ३० जून १८६४ रोजी लिंकनने ही दरी सार्वजनिक उपयोगासाठी राखून ठेवणाऱ्या कायद्यावर सही केली. वॉटकिन्झच्या चित्रांनी हा कायदा घडविला, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते अतिशयोक्त आहे. परंतु ज्यांनी ती दरी कधी पाहिली नव्हती, त्यांना ती राखण्याजोगी वाटावी यात या चित्रांचा वाटा होता, हे मान्य करावे लागेल. विल्यम हेन्री जॅक्सन (१८४३–१९४२) याने १८७१ च्या सर्वेक्षणात घेतलेली यलोस्टोनची चित्रे तर काँग्रेसच्या सभासदांना प्रत्यक्ष दाखविण्यात आली आणि १८७२ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले.

या घटनांची दुसरी बाजू दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली. १८५१ मध्ये मारिपोसा पलटणीने योसेमिटीतील आवानीची या मूळ रहिवाशांवर चाल करून त्यांची वस्ती जाळली होती व त्यांना हुसकावले होते. त्यांतील काही पुढे परत येऊन तेथे राहिले. त्यानंतर दहाच वर्षांनी घेतलेल्या चित्रांत ती दरी जणू मनुष्याचे पाऊल न पडलेली दिसते. दरीतील मोकळी कुरणे मूळ रहिवाशांनी वर्षानुवर्षे झुडपे जाळून राखली होती. म्हणजे ज्याला अस्पर्श निसर्ग म्हणून गौरविले गेले, ते अंशतः मानवी मशागतीचे फळ होते. टिमथी ओसलिव्हन (१८४०–८२) याची सर्वेक्षणचित्रे या दृष्टीने अधिक प्रामाणिक वाटतात. नेव्हाडातील वाळूच्या टेकड्यांच्या १८६७ मधील चित्रात त्याने आपली अंधारखोलीची खेचरगाडी आणि तिच्याकडून कॅमेऱ्यापर्यंत आलेली स्वतःची पावले तशीच राहू दिली आहेत.

शुष्क काच व नंतर : १८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स याने जिलेटिनाच्या पायसाची कल्पना मांडली आणि १८८० च्या सुमारास कारखान्यात तयार झालेल्या शुष्क काचा सर्वत्र मिळू लागल्या. अंधारतंबूची गरज संपली. १८७३ मध्ये हेर्मान फोगेल याने पायसात विशिष्ट रंजकद्रव्ये मिसळल्यास ते हिरव्या प्रकाशालाही संवेदी होते, असे दाखविले. त्यातून झाडीचे वर्ण खुलले आणि पिवळ्या गाळणीच्या साहाय्याने ढगही चित्रात येऊ लागले. १८८८ मध्ये कोडॅक कॅमेरा निघाल्यावर हौशी प्रवाशांचा काळ सुरू झाला. मोठ्या काचेची परंपरा पर्वतांत काही काळ टिकून राहिली. इटालियन गिर्यारोहक व्हित्तोर्यो सेल्ला (१८५९–१९४३) याने १८९९ मध्ये कांचनजंगाच्या प्रदक्षिणेत व १९०९ मध्ये के-२ च्या मोहिमेत केलेले काम तिचा कळस होय.

प्रारंभकाळातील निगेटिव्हपैकी फार थोड्या उरल्या. वॉटकिन्झची चित्रशाळा १९०६ च्या सॅन फ्रॅन्सिस्कोतील भूकंपानंतरच्या आगीत भस्मसात झाली. बोर्न अँड शेपर्डच्या कलकत्त्यातील दुकानाला १९९१ मध्ये आग लागून जुना संग्रह नष्ट झाला. ते दुकान २०१६ मध्ये बंद पडले. विकल्या गेलेल्या अल्ब्युमिन प्रती मात्र जगभरच्या ग्रंथालयांत व संग्रहालयांत विखुरलेल्या आहेत आणि त्यांना नवा उपयोग लाभला आहे. अमेरिकेत १९७७ ते १९७९ या काळात ओसलिव्हन, जॅक्सन इत्यादींच्या मूळ जागा शोधून, त्याच ऋतूत व त्याच वेळी, पुन्हा छायाचित्रे घेण्याची योजना पार पडली. हिमनद्यांच्या अभ्यासकांनाही जुनी चित्रे साक्षीदारासारखी उपयोगी पडतात. बोर्नच्या १८६६ मधील चित्रात गंगोत्री हिमनदीचे मुख जेथे दिसते, तेथून ते आता बरेच मागे, दरीत वर सरकले आहे. चित्रातील मोठे खडक अजून जागच्या जागी असतील, तर त्यांच्या आधारे हे अंतर पावलांनीही मोजता येते.